बसाप्पा मास्तरांचं पूर्वज्ञान

नेसरीकडच्या बसाप्पा मास्तरांच्या घरी कानडी बोलत, आणि शाळेत ते मराठी शिकवत. बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग वरून बजावण्यात आलं: ट्रेनिंग पुरं करा, नाहीतर घरी बसा. म्हणून ते कोल्हापुरात ट्रेनिंग कॉलेजात आले आणि माझ्या खोलीत राहिले; मीही तिथंच शिकत होतो. पहिल्या वर्षी नापास झाले. आता ही शेवटची संधी होती.

प्रस्तावना, पूर्वज्ञान, हेतुकथन असले पाठाच्या टाचणातले शब्द त्यांच्या मानगुटीवर बसले होते. आंघोळ करतानासुद्धा व्याख्या म्हणायचे. अर्थ विचारला की चिडायचे.

परीक्षेचा पाठ कसबा बावड्याच्या शाळेत होता, धडा 'गुऱ्हाळ'. परीक्षक साहेब दाराशी बसले, मी माझ्या पाळीची वाट बघत मागच्या बाकावर. मास्तरांनी पहिला प्रश्न टाकला, "मुलांनो, तुमच्या शेतात काय पिकतं?"

सगळा वर्ग मास्तरांचं हेतुकथनच एका सुरात म्हणाला, "आज आपण गुऱ्हाळ हा धडा शिकणार आहोत." पाठोपाठ कठीण शब्दांचे अर्थही म्हणून मोकळा झाला.

साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार?

"पूर्वज्ञान, साहेब," मास्तर म्हणाले. "पाठाच्या आधी पोरांना असाय पायजे न्हवं? म्हणून काल येऊन देऊन गेलतो की."

या माणसानं लबाडी केली नव्हती, पण हे कोण खरं मानणार?

"मुलांना हे येतंच आहे," साहेब म्हणाले. "आता पुढचं शिकवा."

पुढचं टाचणात नव्हतंच. मास्तरांनी कागद उलटून पाहिला, तो कोरा होता. मला साहेबांचा भयंकर राग आला. शेवटी मास्तरांनी टाचण टेबलावर ठेवलं आणि स्वतःलाच ठाऊक नसलेलं विचारलं, "गूळ झाला, हे कसं कळतंय रं?"

याचं उत्तर कुणी पढवलं नव्हतं. मग एका गुळव्याची पोर, चिमणा, उठली. बा पाक पाण्यात सोडतो, गोळी झाली की काहील उतरतात, म्हणाली. दुसऱ्यानं तिला खोडून काढलं. मग पोरं आवरेनात. मास्तर त्यांचेच शब्द फळ्यावर लिहीत राहिले, घंटा होईपर्यंत.

दुपारी तोंडी परीक्षेत साहेबांनी नेमकं तेच विचारलं, पूर्वज्ञान म्हणजे काय? व्याख्या ओठांवर आली होती, ती मास्तरांनी गिळली.

"पोरं घरनंच घेऊन आलेली असत्यात, साहेब. काल मी उगंच वझं वाहिलं."

साहेबांनी तेवढ्यावरच गुण मांडले. मास्तर पास झाले. माझ्या तोंडी परीक्षेत मी व्याख्या बिनचूक सांगितली होती. अर्थ मात्र त्या दिवशी मास्तरांमुळे कळला.