सव्वा वाजताची लाईन

मी बोलून राहिली अन् माही सून वैशाली मोबाईलवर लिहून राहिली. मले अक्षर वाचता येते, पन लिहाले बसली का हात दुखते.

भुताखेताच्या गोष्टी कोनी काढल्या का मी उठून कामाले लागतो. जिंदगीभर लोकायच्या वावरात कापूस वेचला, संत्र्याच्या बगीच्यात निंदन केलं. एक डाव सापावर पाय पडला, तरी बोंबलली नाही. पन हे जे झालं... याले काय म्हनाव, मले अजून समजलं नाही.

आमी सौंसरचे. माहा पोरगा दिगांबर इथच्या एका कारखान्याच्या हाफिसात कॉम्प्युटर पाहे. साऱ्या मेल ज्या मशीनीतून येतात-जातात, ते मशीन त्याच्याच हाती. पाच वर्षं झाले. "दोन दिवसात येतो" म्हनून इटारसीले जाले निघाला, पांढुर्ण्याहून गाडीत बसला. तिगाव टेसनावर आमच्या वळखीच्या मानसानं त्याले खिडकीत पाह्यलं, हात बी केला. त्याच्यामंग कोनीच पाह्यलं नाही. ठाण्यात रपट देल्ली, दवाखाने पाह्यले, इटारसीच्या पलाटावर मी त्याचा फोटो घेऊन चार दिवस बसली. काही नाही.

मंग त्याची खुर्ची वैशालीले भेटली, तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मी त्याच हाफिसात झाडू-पोछा करतो.

मांगच्या साली एक दिवस जेवाच्या सुट्टीत वैशाली म्हने, "आई, इकडं या."

पडद्यावर नुसत्या बारीक लाईनी. "हे काय व? मुंग्या निघाल्यावानी दिसते."

"याले लॉग म्हनतात. मेल घेऊन कोन आला, कुठून आला, आत घेतला का नाही, मशीन सारं लिहून ठेवते. मेल आली का पयले एक यादी पाहते, व्हाईटलिस्ट. तिच्यात नाव असलं तं काही न इचारता आत. नसलं तं 'थोड्या वेळानं या' म्हनून वापस."

"म्हंजे चूलबंद आवतन," मी म्हनलं. "साऱ्या घराले जेवाले बलावलं, का मांडवात कोनी पुसत नाही, तू कोनाचा म्हनून."

ते हासली. "आई, तुमी इंजिनेर व्हाले पायजे होतं."

"मंग झाडू कोनी मारला असता, तुह्या बापानं?"

पन मंग तिचं हासनं थांबलं. एका लाईनीवर बोट ठेवलं. दिगांबरचा घरचा मेलचा पता. तो जेवाले उठाच्या आंधी, सव्वा वाजता, मशीन चालू हाय का पाहाले मोबाईलवरून एक कोरी मेल टाके. म्हनून त्यानंच आपलं नाव यादीत टाकलं होतं.

"मंग हे जुनी लाईन असन," मी म्हनलं.

"नाही. आजची हाय. रोज सव्वा वाजता येते. मशीन यादी पाहते, लिहिते, नाव हाय, येऊ द्या... मंग काहीच नाही, आई. दार उघडते, अन् येनारा मेल न देताच निघून जाते."

"येते कुठून?"

"याच मशीनीतून."

नागपूरचा एक मानूस बलावला. तो म्हने, "त्यानं एखादा टायमर लावून ठेवला असन." दिवसभर धुंडलं, टायमर काही भेटला नाही. मंग कारखान्यानं मशीनच नवं आनलं. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता लाईन हाजर.

इतवारी येत नसे. ठीक हाय, तसं टायमरले सांगता येते म्हने. पन वैशालीनं जुने लॉग काढले, तं पोळ्याच्या सुट्टीले बी येत नसे. एकाही साली नाही. पोळा दरसाली येगळ्या तारखेले येते... मशीनीले अमावस कशी समजन? नागपूरवाला म्हने, "इत्तफाक असन," अन् डब्बा खाले बसला.

तवापासून मी सव्वा वाजता झाडू ठेवून तिच्या खुर्चीपाशी उभी राहो. लाईन आली का ते नुसती मान हालवे. मंग आमी दोघी जेवो. पोरगा जेवला असन का नाही, हे त्या येळेले मनात येत नसे.

दिवाळीच्या बादमंदी मोहगावचा माहा भाऊ आला. "बाई, आतं पिठाचा पुतळा करून त्याचे दिवस करून टाक. हे पोरगी किती दिवस अशीच बसन?" माहं डोक्स गरम झालं. त्याच हप्त्यात साहेबानं वैशालीले सांगतलं, यादी साफ करा, जे काम सोडून गेले त्यायचे नावं काढा.

"आई, काढू का? तुमी नाही म्हनसान तं मी साहेबाले काहीतरी सांगतो."

भावाचं बोलनं डोक्सात होतं. मी म्हनली, "काढ. त्याले याचं असतं तं घराच्या दारातून आला असता. लाईनीतून कोनी येत असते का?"

तिनं काढलं.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता लाईन आली. वैशाली वाचाची थांबली. मी म्हनलं, "वाच न व."

"यादीत नाव नाही. नंतर या."

"टाक. वापस टाक त्याचं नाव. आत्ताच्या आत्ता!"

पाच मिनिटात तिनं नाव टाकलं. मंग आमी तितंच बसलो. तीन वाजले, डब्बे उघडले नाही.

त्याच्यानंतर लाईन आली नाही. तीन महिने झाले. पुतळा बी केला नाही, भाऊ रुसून बसला. वैशालीनं मले एका शब्दानं बोल लावला नाही, अन् तेच मले सहन होत नाही... काढ म्हननारी मीच.

माहा पोरगा जिता हाय का गेला, हे मी तुमाले पुसत नाही. त्या लाईनी कोन पाठवे, हे बी कोनाच्यानं सांगनं झालं नाही. पन जे लोकं हे मेलच्या मशीनीचं काम करतात, त्यायनं एवढं सांगाव. वैशाली म्हनते, 'नंतर या' म्हनलं का पाठवनारी मशीन चार-पाच दिवस वापस येऊन पाहते, मंग सोडून देते.

ते मशीनीचं झालं. मानूस किती दिवस पाहते?