समताच्या बापाचं रक्त

गाव सोडणारा माणूस आपलं गाव रक्तातून घेऊन जातो, असं माझ्या निरोपाच्या सभेत मुख्याध्यापक म्हणाले होते. सभा मेडशीच्या थांब्यावर, एसटीच्या दारातच चालू होती. कंडक्टरने विचारलं, "सर, रक्त बसलं असन गाडीत तं बेल मारू का?" सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडे कोनी मोठ्यानं बोललं म्हणून खरं मानू नको."

पुण्यात मी जनुकं वाचायला शिकते. रक्ताच्या थेंबातली लांबलचक अक्षरमाळ यंत्र उतरवून काढतं आणि कुठलं अक्षर चुकल्याने आजार झाला ते आम्ही शोधतो. आमच्या संस्थेची इमारत काचेची आहे. उद्घाटनाची फीत अजून चौकटीत लावून ठेवलेली आहे.

धनजला दिलेल्या माझ्या ताईची मुलगी समता सकाळी धड चालायची आणि संध्याकाळी तिचे पाय आत वळायचे. शाळेतून रांगत घरी यायची. बाई म्हणायच्या, पोरगी ढोंगी आहे. मीच तिचं नाव आमच्याकडे घालायला लावलं. तिच्या एकाच जनुकात दोन चुका सापडल्या. एक आईकडून आणि एक बापाकडून आली असेल तर आजार पक्का, म्हणून दोघांचंही रक्त मागवलं. कारंज्याच्या दवाखान्यातून ते आलं. आईची चूक जुळली. बापाची जुळली नाही; उलट हा बापच नव्हे, असं यंत्राने सांगितलं.

आमच्या समुपदेशक बाईंनी कागदावरच्या नंबरला फोन लावला. समुपदेशन ध्वनिमुद्रित होतं, म्हणून मला ते शब्दशः ऐकता आलं.

"तुम्ही समताचे वडील नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"मायीत काहून नसन? पोरगी माह्या लहान भावाची हाय."

"हे घरात कोणाला ठाऊक आहे?"

"साऱ्या गावाले ठाऊक हाय, बाई."

बाईंनी नोंद केली: गंभीर कौटुंबिक गुंतागुंत. पुढचा तपास थांबवला गेला. आमच्या सरांनी तेवढ्यात परिषदेसाठी स्लाइडही बनवली, 'ग्रामीण भागातील पितृत्वाचे वास्तव'. खाली वाशीम जिल्ह्याचा नकाशा, आणि त्यावर लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे माझी ताई.

मी तिला फोन केला. म्हटलं, रक्त कोणी दिलं?

"भासऱ्यायनं," ती म्हणाली. भासरे म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. "हे थ्रेशरवर गेलते वं. भासरे म्हणे, आमी दोघं एकाच मायचे, माह्यं घ्या न मोकळे व्हा. शाळेत, ब्यांकेत, साऱ्या जागी तेच तं जातात. काहून, कमी पडलं का?"

चूक त्यांची होती, हे मला कबूल आहे. पण त्यांच्या घरात धाकट्याच्या वतीने थोरल्याने उभं राहायचं असतं, आणि त्या माणसाने सुईसमोरही तेच केलं. आमच्याकडे मात्र अब्जावधी अक्षरं वाचणारं यंत्र होतं, आणि 'तुम्ही समताचे कोण?' एवढं विचारायला एक माणूस नव्हता. एका बाईच्या चारित्र्यावर ठिपका ठेवायला मात्र सगळे तयार होते. मी हे सरांच्या तोंडावर बोलले. सर म्हणाले, भावनिक होऊ नका. स्लाइड त्यांनी काढली नाही. जिल्ह्याचं नाव तेवढं काढलं.

मग खुद्द भाऊजींचं, ताईच्या नवऱ्याचं, रक्त आलं. दुसरी चूक त्यांच्याकडचीच होती. आजाराला नाव मिळालं आणि औषध सुरू झालं.

मेडशीत राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, दोघेही मला विचारतात की आता घर कुठलं. पुण्यात मला कोणी कोणाच्या वतीने हात पुढे केलेला दिसला नाही. तिकडे करतात, आणि त्याने कधीकधी घोटाळाही होतो. त्या घोटाळ्याला मी घर म्हणते.

समता आता संध्याकाळीही पायांवर चालत घरी येते. औषध म्हणजे हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना कित्येक वर्षांपासून देतात तीच गोळी. ती कारंज्यातच मिळते.