वानखडे सरांचे हरभऱ्याचे रेणू

सगळ्यात आधी पोचला तो राजू, धाड गावचा जीपवाला. त्याच्या मागून माझी नात कविता, खामगावहून. दोघंही वानखडे सरांनी आठवीत शिकवलेले. सर आपल्या घरच्या ओसरीवर बसले होते, मी बाजूलाच होते. राजू अगदी समोर जाऊन उभा राहिला, तरी सर म्हणाले, "कोण आहे?" राजूचा चेहराच उतरला. पण मी उलटीकडूनच सांगायला लागले की! सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकात चौथी शिकलेल्या बाईलाही लिहायला सांगितलं, त्या आनंदात असं होतं.

सरांची-माझी ओळख खिचडीपायी झाली. शाळेत स्वयंपाकाला लागले त्याचा पहिलाच आठवडा. चुलीजवळ ताटात भिजवलेले हरभरे-वाटाणे, कडुनिंबाच्या काड्यांनी एकमेकांना जोडलेले. पोरांच्या खोड्या समजून मी काड्या उपसल्या, दाणे धुतले आणि पातेल्यात टाकले. तेवढ्यात सर आले.

"मावशी, इथलं ताट?"

"खिचडीत गेलं. काऊन?"

सर पातेल्यात डोकावले. एका वाटाण्याला दोन हरभरे, हा म्हणे पाण्याचा रेणू. वर्गाला पुरतील एवढे घरून करून आणले होते. पण रागावले नाहीत. पोरांना म्हणाले, "आपले रेणू मावशींनी शिजवले. आता जेवताना शोधा." दुसऱ्या दिवशी नवे करून आणले आणि मलाही दारात बसवून समजावले.

फळ्यावर अणू काढला, मध्ये गोळा आणि भोवती ठिपके, की सर हमखास सांगायचे, "हे असंच असतं असं धरून बसू नका. आधीच्यांनी वेगळं काढलं होतं, उद्या कोणी आणखी वेगळं काढेल." आपलं शिकवलेलं उद्या बदलेल, असं सांगणारे मास्तर मी दुसरे पाहिले नाहीत.

आता काचबिंदूने सरांची नजर गेली. परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. सर निवृत्त झाल्यापासून शाळेत विज्ञानाला कोणी नाही. आठवीच्या पोरी नुसतं पाठ करून राह्यल्या. राजू-कविता त्यासाठीच आले होते.

"सर, शाळेत चला. जीप आणली."

"डोये गेले बे राजू. फळा दिसत नाही, पोरींची तोंडं दिसत नाहीत. काय शिकवू मी?"

कविता पदराआड रडायला लागली. चहा तसाच निवला. मला राहवलं नाही.

"सर, अणू तरी तुमाले कधी दिसला होता? न पाहताच शिकवला ना आजवर?"

सरांनी निवलेला कप चाचपून बाजूला सारला. मला वाटलं, मी जास्तच बोलले. मग सर हळूच म्हणाले, "पोरी किती आहेत?"

"अकरा," राजू म्हणाला.

"शाळेत नाही येणार. कुठं ठेचकाळलो तर लेकरं घाबरतील. इथं आणा."

हसले मात्र नाहीत. हल्ली हसतच नाहीत.

नजर मागून मिळत नाही, म्हणून ती मागत नाही. बाकी सर हातापायांनी धड, बोलते-शिकवते राहून पुष्कळ वर्षं जगोत. राजू पोरींना घेऊन गुरुवारी येतो म्हणाला आहे, शाळा सुटल्यावर.