करदोड्याखालची गोचीड

ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. एकट्यानं राहून दुखण्यातून कसा उठलो, हे गावात सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. उरलेली अर्धी मात्र इतकी वर्षं टाळली. आता वय झालं. ती तशीच मागं ठेवून जायला नको वाटतं.

माझं रान ईट गावाच्या अलीकडं आहे. बायको गेल्यावर गावातलं घर बंद केलं आणि रानातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. सोबतीला एक तांबडी गाय. बायकोनं ती माहेरून कालवड म्हणून आणलेली. पुढं ती भाकड झाली, तरी मी विकली नाही. मुलगा पुण्यात. दर फोनला त्याचं एकच, "अण्णा, त्या भाकड गाईसाठी किती दिवस तिथं अडकून पडणार? ती देऊन टाका आणि इकडं या." मी म्हणायचो, बघू.

दुपारी जेवण झालं की लिंबाखाली गाईजवळ बसायचं आणि तिच्या कानामागच्या, गळ्याच्या लोंबत्या पोळीखालच्या गोचिडी बोटांनी काढायच्या, हा माझा नेम होता. काढायची, दगडावर ठेवायची, दुसऱ्या दगडानं चिरडायची. फवारायचं औषध मिळतं, मला माहीत होतं. पण गोचीड काढताना गाय मान लांब करते, डोळे मिटते. बायकोही अशीच बसायची. मला तिची जागा धरून बसल्यासारखं वाटायचं.

एका उन्हाळ्याच्या अखेरीला कमरेला खाज सुटली. डाव्या अंगाला, जरा मागच्या बाजूला, करदोड्याखाली. घामोळं समजून खाजवत राहिलो. मग बोटाला तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. गाईची काढतो तशीच नखानं ओढली. धड हातात आलं, तोंड आतच राहिलं. त्यावर तंबाखू आणि चुना मळून दाबला, कारण आमच्याकडं तसंच करतात. जन्म गुरांत गेलेला माणूस एका गोचिडीसाठी दवाखान्यात गेला तर लोक हसतील, हेही मनात होतंच.

जागा सुजली, लाल झाली, करदोडा मांसात रुतला. जांघेत अवधाणाची गाठ आली. ताप असा चढला की पाण्याचा तांब्या जड वाटू लागला. तेव्हा कुठं शहाणपण आलं. गाईपुढं कडबा टाकला, घमेलं भरून पाणी ठेवलं, आणि लिंबाच्या फांदीचा आधार घेत फाट्यापर्यंत चालत गेलो. तिथून जीपनं आमच्या बाजाराच्या गावी, वाशीच्या दवाखान्यात.

डॉक्टर म्हणाले, पू काढावा लागेल. नर्सबाई कात्री घेऊन आल्या.

"बाबा, हा दोरा कापावा लागंल."

"बाई, करदोडा मेलेल्या माणसाचा कापतात."

"मग जिते हाव तवरच कापून घ्या. मेल्यावर कोण आणतंय तुमाला आमच्याकडं?"

मला हसू आलं, तेवढ्यात त्यांनी तो कापला. तो काळ्या लोकरीचा होता. आमच्या रानात दरसाल उन्हाळ्यात एक धनगर मेंढ्या बसवायचे. मेंढ्या रात्री रानात बसतात, लेंडीखत पडतं, आपण त्यांना ज्वारी द्यायची, असा रिवाज. मी त्यांना पाव्हणं म्हणायचो, ते मला अण्णा. जाताना ते चातीवर लोकर वळून मला एक करदोडा देऊन जायचे. त्या सालीही देऊन, पुढं गेले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"घरी गाय आहे."

"दोन-चार दिवस इथंच राहा."

"मग तिला पाणी कोण पाजणार?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गोळ्या लिहून दिल्या, पट्टी रोज कशी बदलायची ते दाखवलं आणि ताप वाढला तर थेट या म्हणाले.

आता जे सांगतो त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. जखम पाठीकडं, डोळ्यांना न दिसणारी. दाढीचा आरसा खुंटीवरून काढून गव्हाणीच्या काठावर टेकवला आणि कंबर वळवून त्यात बघत पट्टी केली. आरशात हात उलटा चालतो. पहिल्यांदा कापूस भलतीकडंच लावला, दुसऱ्यांदा औषध मांडीवर सांडलं. पुढं हात असा बसला की वाशीच्या नर्सबाईंनी पट्टी बघून विचारलं, "कुणाकडून करून घेता?" आरशाकडून, म्हटलं. हिरीवरून भरली बादली उचलेना, मग अर्धी-अर्धी आणली. गाय तहानेली एक दिवसही राहिली नाही. चक्कर आली की तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभा राहायचो. तीही हलायची नाही. मऊ भात खाल्ला, मग पिठलं, आणि ज्या दिवशी स्वतः थापलेली भाकरी तव्यावर टम्म फुगली, त्या दिवशी मी तिच्याकडं बघतच बसलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं एवढं केलं. कुणाला हाक मारली नाही.

फोनवरच्या आवाजावरून मुलाला संशय आला आणि तो गाडी घेऊन दारात उभा राहिला. तोवर ताप उतरला होता. त्यानं जखम बघितली, मग गाय बघितली.

"गोचीड गाईचीच ना, अण्णा?"

मी सदरा खाली ओढला.

"आजच गिऱ्हाईक बघतो. आणि तुम्ही माझ्यासोबत चला. हे पुरे झालं."

तो रागानं बोलत नव्हता, भ्यालेला होता. पण मला दिसत होतं की आता गाय जाणार, लिंबाखालची दुपार जाणार, आणि मी पुण्यात कुठल्यातरी गॅलरीत बसणार. मी म्हणालो, "गाईच्या अंगावर एक गोचीड दाखव. मेंढ्या बसल्या होत्या रानात. त्यांच्यापासून आली."

गाईच्या अंगावर गोचीड दिसणार नव्हतीच. पुण्याहून निघाल्याचा त्याचा फोन येताच मी तिचं अंग चाचपून साफ केलं होतं.

गाय राहिली, मीही राहिलो. मुलगा मात्र जाताना गावातल्या हॉटेलात थांबला आणि काळजीपोटी चार लोकांना सांगून गेला की मेंढ्या बसवू नका, अण्णा मरता मरता वाचलेत. पुढच्या उन्हाळ्यात पाव्हणं मेंढरं घेऊन शिवेवर आले, तेव्हा त्याच हॉटेलात त्यांची चर्चा चालली होती. मी तिथं बसलेला.

"लेकराबाळांचं गाव हाय, कशाला बला घ्यायची," एकजण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "उगं कुणावर आळ नको. अण्णा, तुमीच सांगा, व्हय का न्हाय?"

मला एक शब्दही बोलावा लागला नाही. मी सदरा वर केला आणि व्रण दाखवला. "बापरे, आन् एकट्यानं काढलं म्हणं ह्यातून," कुणीतरी म्हणालं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. शिवेवरून मेंढरं माघारी वळली. त्या साली आमच्या गावात कुणाच्याच रानात मेंढी बसली नाही, नंतरही नाही.

काही वर्षांनी वाशीच्या बाजारात ते दिसले. पोत्यावर दोन घोंगड्या विकायला मांडून बसलेले, दाढी पांढरी झालेली. मी घरून निघतानाच बोलायचं ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी. इथं अचानक समोर आले. पण वाक्य तयार होतं. गाय म्हातारी होऊन गेली होती, आता भ्यायचंही काही उरलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो.

तेच आधी बोलले. "अण्णा, तब्येत बरी हाय का?"

"बरी आहे."

"आमच्या मेंढरापायी तुमाला लई तरास झाला. माजं यायचं व्हतं बघायला, पर गावात कुणी शिरू देईना. मनावर घेऊ नका."

असं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि काळ्या लोकरीचा एक करदोडा काढून माझ्या हातात ठेवला. "दवाखान्यात कापला म्हणं तुमचा. तवाच वळून ठिवलाय."

मी तो घेतला. म्हणालो, "औंदा पाऊस कसा आहे तुमच्याकडं?"

ते पावसाचं सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिलो.

पुढच्या बाजारी गेलो, त्याच्या पुढच्याही. ते दिसले नाहीत. मेंढरं विकून लेकीकडं गेले, उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकात कुठंतरी, एवढंच कळलं. गाव कुणालाच माहीत नाही. त्यांनी वळलेला करदोडा माझ्या कमरेला आहे, त्याच व्रणावरून गेलेला. त्या दिवशी तोंडापर्यंत आलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. पाव्हणं, गोचीड माझ्या गाईची होती. तुमच्या मेंढरांची नव्हती. मला माफ करा.