सही जुळेना

माझी नोकरी कोन गावातल्या एका गोदाम कंपनीत, मेलची यंत्रणा सांभाळण्याची. त्यामुळे शेजारीपाजारी मला कॉम्प्युटरवाली समजतात आणि कोणाचा प्रिंटर रुसला तरी मलाच हाक मारतात. मी कुरकुरते आणि जाते.

कामतघरच्या आमच्या गल्लीत शेजारच्या मुलीला मुलाखतीनंतर पुण्याच्या नोकरीचा मेल आला. तिचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. गल्लीतला एकजण असल्याच एका खोट्या मेलवर विसंबून पार बंगळुरूला गेला होता आणि हात हलवत परतला होता. तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतलेला. मला म्हणाले, "ताई, मेल खरा हाय का न्हाय, तेवढं बघ. तू न्हाय म्हणालीस तर पोर जाणार न्हाय."

बघणं तसं सोपं. कंपन्यांच्या मेलमध्ये त्यांच्या डोमेनची एक न दिसणारी सही असते. ती तपासायची किल्ली त्या डोमेनच्या नोंदींत सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली असते. सही किल्लीशी जुळली, की समजायचं, मेल तिथूनच निघालाय आणि वाटेत मजकुराला कोणी हात लावलेला नाही. मी मुलीकडून मूळ मेलची फाइल मागवली, नोंदीतून किल्ली काढली, ताडून पाहिलं. जुळेना. पुन्हा पाहिलं, तरी नाहीच. या पोरीला आता कोणत्या तोंडाने सांगू?

सांगायला गेले, तर तीच चहा पुढे करत म्हणाली, "मावशी, फाइलमधलं खालचं लांबलचक इंग्रजी काढून टाकलं हं मी. तुम्हाला उगाच वाचायचा त्रास नको."

"अगं शहाणे!" मी ओरडलेच. तिच्याकडून न छाटलेली फाइल घेतली. सही जुळली. डोमेनही तिची मुलाखत घेणाऱ्या कंपनीचंच निघालं. मला इतका आनंद झाला की चहाचा दुसरा कप मीच मागून घेतला.

वडील ड्युटीवर होते. आम्ही दोघी त्यांच्या छोट्याशा कारखान्यात गेलो. तिथल्या खडखडाटात सगळं बोलणं हातवाऱ्यांनीच चालतं, म्हणून मी दारातूनच अंगठा वर केला. त्यांनी पाहिलं, पण हसले नाहीत. एकेक करून आपले लूम बंद केले, जोडीदारालाही त्याचे बंद करायला लावले. एरवी चालू शिफ्टमध्ये हा माणूस पाणी प्यायलाही लूम थांबवत नाही.

सगळं शांत झाल्यावर म्हणाले, "आता तोंडानं सांग, ताई. मना ऐकायचं हाय."