मेर्लोची बी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर संध्याकाळी मेर्लोच्या बागेत उभं राहून द्राक्ष चाखलं. ही वाइनची द्राक्षं. कंपनीचा माणूस त्यांची गोडी यंत्रानं मोजतो. माझी बायको बी चावून सांगायची. कडकन फुटली आणि तुरट लागली नाही, म्हणजे तोडा.

"अजून दोन दिवस," ती म्हणाली.

"मला बघू दे की."

"तुमची जीभ तंबाखूनं मेलीय. राहू द्या."

त्याच रात्री ती झोपेत गेली.

मेर्लो लांबच्या देशाचं वाण, पण दिंडोरीच्या मातीत रुजलं. तीही खानदेशातून आली आणि इथली झाली. मी जन्माचा इथलाच, पण आता या घरात मीच पाहुण्यासारखा बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोचवून आलो, तर दारात कंपनीचा माणूस. "बाबा, तुम्ही बसा. आम्ही आजच तोडून नेतो."

"परवा ये," मी म्हणालो. "तिनं दोन दिवस सांगितलेत."

तो गेला. मग मी बागेत जाऊन एक बी चावली. पिकली होती का कच्ची, मला काहीच कळलं नाही.