वैद्याच्या ताटातला बांगडा

माझ्या बाबांना यकृताचा कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून महिनाभर खेडजवळच्या एका वैद्याचं औषध चालू आहे. पथ्य एकच, मासे बंद.

बाबा जन्मभर बोटीवर होते. परवा त्यांनी शेजारून आलेला बांगडा तोंडाजवळ नेला, तर मी हातातून हिसकावून घेतला.

आज आम्ही दोघं औषधाला गेलो तेव्हा वैद्य जेवत होता. ताटात तळलेला बांगडा. खरकट्या हाताने पुडी पुढे करत बाबांना म्हणाला, "तुमचे गुडघेच ना?"

गाडीत बाबा एवढंच बोलले, "बाय, त्याचा बांगडा ताजा होता गो."

येताना मी बांगडे घेतले. मीठ-हळद लावून ठेवलेत. तळले, तर मी आशा सोडली हे बाबांना कळेल. सांगा, तळू?